शिवणीतली माया

लाल दोऱ्याचं टोक मी चिमटीत धरलं, ओढलं, आणि काखेपासून कमरेपर्यंत उघडी पडले.

तेही कपड्यांच्या कंपनीच्या मोठ्या दालनात, लांबलचक टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांच्या देखत. एका हाताने मी झग्याचा पुढचा भाग छातीशी धरला. दुसऱ्या हातावर ठमी होती, माझी अजून दातही न आलेली लेक. तिला वाटलं, जेवायला वाढलं. तिने तोंड लावायची जी धडपड सुरू केली ती आवरता आवरेना.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. फक्त माझ्या थोरल्या जाऊबाई उठल्या. त्यांना मी वहिनी म्हणते. त्यांनी अंगातलं जाकीट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं आणि त्या उसवलेल्या शिवणीकडे बघत राहिल्या. झगा त्यांनीच रचलेला होता. मानेशी, आतल्या बाजूला, त्यांचं नाव विणलेली पट्टी होती.

"कडेची माया कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

जाहिरातींचं बघणारी बाई चटकन म्हणाली, "खोक्यावर आहे ना मॅडम! केवढ्या मोठ्या अक्षरांत!"

खरंच होती. सोनेरी अक्षरांत 'माया', आणि खाली बारीक, 'आईची, आईसाठी'.

त्या बाईचा दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवणीच्या पलीकडे, कपड्याच्या आतल्या अंगाला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणारे लोक माया म्हणतात. अंग भरलं, पोट वाढलं की शिवण उसवायची, मायेतलं कापड बाहेर काढायचं, कपडा ढिला होतो. वहिनींची सगळी करामत त्या मायेत होती. त्यांच्या झग्याला कडेने एकापलीकडे एक शिवणी असत. पहिल्या लाल दोऱ्याच्या, पोत्याच्या तोंडाला घालतात तशा साखळी टाक्याच्या, टोक ओढलं की सरसर सुटणाऱ्या. एक सुटली की झगा सैल होऊन पुढचीवर येऊन थांबे. सगळ्यांत शेवटी, मायेच्या काठावर, एक पक्की शिवण, जी कधीच सुटायची नाही. पोट वाढत जाईल तसा दोरा ओढायचा. ना शिंपी, ना सुई, ना आरशासमोर रडारड.

कंपनीने माया कापून टाकली होती. मायेबरोबर मागच्या शिवणीही गेल्या. उरला होता एकटा लाल दोरा.

"मॅडम, ती पट्टी प्रत्येक झग्यात नुसती आत पडून राहते," कारखाना बघणारे साहेब म्हणाले. "दिसत नाही, मिरवत नाही. कापड फुकट."

"आणि दोरा?"

"दोरा ठेवलाय ना. दोरा दिसतो."

"ओढला तर?"

"कोण कशाला ओढेल?" म्हणाले, आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "म्हणजे, ह्यांनी ओढला. पण ह्यांना सवय आहे."

"एक छोटी चिठ्ठी लावू या," जाहिरातवाली म्हणाली. "'दोरा शोभेचा आहे, ओढू नये.' गोडसं काहीतरी."

मागे भिंतभर फलक होता. त्यावर एक बाई हसत हसत लाल दोरा ओढत होती. मी म्हटलं, "आणि ही ओढतेय ती?"

"ती मॉडेल आहे हो! तिचं पोटसुद्धा उशीचं आहे."

हे तिने मला समजूत काढल्यासारखं सांगितलं. म्हणजे मी घाबरू नये.

वहिनींना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे, पण त्यांचं नाव त्याआधीच ऐकलं होतं. कॉलेजात असताना मैत्रिणी मासिकांतले त्यांचे कपडे कापून वहीत चिकटवायच्या. शहरातल्या सगळ्यांत मोठ्या फॅशन हाउसमध्ये त्या मुख्य डिझायनर होत्या. त्यांची ओळख म्हणजे केसाएवढी शिवण. कपडा उलटा करून बघितला तरी सुलटा वाटावा इतकं आतलं सगळं छाटलेलं. पाण्यासारखा अंगावरून उतरणारा कपडा. त्याचे धडे शिकवायचे म्हणे.

मग त्यांना मूत्रपिंडाचा आजार झाला. औषधांनी अंग सुजलं. मोठे दीर सांगतात, एका सकाळी कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतः केलेला एकही कपडा अंगात जाईना. उसवून ढिला करावा म्हणून खाली बसल्या. एकेक उलटा करून बघितला. आत काही नव्हतंच. आजारापेक्षा त्या दिवशी जास्त खचली, असं दीर म्हणतात. वहिनी त्याला खचणं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "मी चिडले होते गं. दार आपणच बांधायचं, कडी आपणच आतून लावायची, आणि आपणच बाहेर उभं! असली अक्कल माझी."

बऱ्या झाल्यावर त्या परत तिथे गेल्या नाहीत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली. खाली टायरला हवा भरल्याचा फुसफुसाट, वर ह्यांची कात्री. पुतळा ठेवला नाही. "पुतळा जेवत नाही, त्याला दिवस जात नाहीत, त्याला ताप येत नाही. त्याच्या अंगावर बसवून काय कळणार?" मला दिवस गेले तेव्हा त्यांनी मला अक्षरशः पळवून नेलं. माझी पदवी रसायनशास्त्राची, काम मात्र उभं राहायचं. त्या टाचण्या लावायच्या, मी श्वास धरायची. "श्वास सोड, घाबरट. श्वास सोडलेल्या बाईचं माप हवंय मला."

घाबरट मी आहेच. ठमी झाल्यावर तिला खाली ठेवण्याआधी मी सगळ्या खोलीभर चुंबक फिरवायची. टाचण्या उडून चिकटल्या की काळजात धस्स व्हायचं, एक राहिली असेल तर! वहिनी हसायच्या. पण रोज सकाळी माझ्या आधी त्याच चुंबक फिरवून मोकळ्या झालेल्या असायच्या.

त्या खोलीतून झगे एकीकडून दुसरीकडे गेले. आधी प्रसूतीच्या दवाखान्यातल्या नर्सेस आल्या, मग त्यांच्या बहिणी, मग बहिणींच्या नणंदा. मग कंपनी आली. गावोगावच्या दुकानांत झगा जाईल म्हणाले. मात्र वहिनींचं नाव लावायचा हक्क कंपनीचा. वहिनींनी सही केली. एवढ्या बायकांचं शिवून त्यांच्या बोटांची सालं निघाली होती, आणि तरी दाराशी रांग. पहिल्याच बैठकीत त्यांनी एक गोष्ट बजावली होती: "काहीही बदला, पण ह्याच्यात माया हवीच." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. जाहिरातवालीने तर डोळे पुसले होते. मला तेव्हा ते चांगलं लक्षण वाटलं होतं!

तर त्या दालनात साहेब म्हणाले, "उद्या माल बाजारात. आता काही होत नाही मॅडम. तुम्ही समारंभाला या, नका येऊ. नाव तर आमच्याकडे आहेच."

"हे असलं माझ्या नावावर खपवाल?"

"एक विचारू? राग मानू नका. माझ्या बायकोकडे तुमचे जुने दोन ड्रेस आहेत. लग्नाआधीचे. मुलगा झाल्यापासून कपाटात लटकताहेत. त्यांच्यात कुठे होती हो माया?"

 वहिनींनी पिशवी उचलली.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच सुरू झाले. अंगात त्यांचं जाकीट, बाबागाडीत ठमी भोकाड पसरलेली. "गप्प का बसलात? मला चारचौघांत नागडं केलं त्यांनी, आणि तुम्ही पिशवी उचलून चालू पडलात!"

"खरं बोलला गं तो."

"खरं बोलला म्हणून काय त्याची आरती करायची? तुमचं तेव्हा चुकलं, तुम्ही सुधारलंत. त्याने सुधारलेलं मोडलं! हे एकच आहे का?"

"हळू बोल, पोरगी घाबरते."

"पोरगी भुकेली आहे! सगळ्यांनाच कसं वाटतं हो, की बायका आणि पोरं घाबरूनच रडतात?"

त्या थांबल्या, बाबागाडीचा दांडा माझ्या हातातून घेतला, आणि म्हणाल्या, "उद्या मी जाणार नाही."

एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी फोडतील, फाडतील.

समारंभ आम्ही माझ्या स्वयंपाकघरात फोनवर बघितला. उशा बांधलेल्या पोरी एकेक करून आल्या, वळल्या, गेल्या. मग साहेब मंचावर आले. आमच्या लाडक्या डिझायनर प्रकृती बरी नसल्यामुळे येऊ शकल्या नाहीत, पण त्यांची माया आपल्यात आहे. टाळ्या.

"माझ्या प्रकृतीला काय धाड भरलीय?" कांदा चिरता चिरता वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांनी इतका कांदा चिरला की आम्हाला दोन दिवस पुरला.

पुढच्याच आठवड्यात एक बाई आमच्या खोलीवर आली. जिन्यातूनच तिचा आवाज वर आला, मग ती. कडेवर तान्हं, हातात तो झगा, एका बाजूने उभा उसवलेला.

"तुम्हीच ना त्या? हे तुमचंच नाव ना?" तिने झगा कापायच्या टेबलावर आपटला. "बँकेत रांगेत उभी होते. अंगाला काचायला लागला. जाहिरातीत बघितलं होतं, ओढला दोरा. सगळं उघडं! पोर हातात, झाकू कशाने? एका पोराने फोन काढून शूटिंग केलं माझं. माझ्या सासऱ्यांपर्यंत पोचलंय ते. सासऱ्यांपर्यंत!"

"अहो, ऐका," मी म्हटलं, "हे वहिनींनी नाही, कंपनीने..."

"तू थांब," वहिनी म्हणाल्या. तिच्याकडे वळल्या. "नाव माझंच आहे. बोला तुम्ही."

आणि ती बोलली. तुम्हाला पोरंबाळं नसतील म्हणून सुचतं असलं, इथवर बोलली. वहिनींना खरंच नाहीत. त्यांनी तेही ऐकून घेतलं. मी मुठी आवळून उभी होते. शेवटी ती दमली, स्टुलावर बसली आणि पोराला पाजायला घेतलं. तेव्हा वहिनींनी कपाटातून खोलीत शिवलेला एक झगा काढला आणि तिच्यासमोर उलटा धरला. आतली माया, मागच्या शिवणी, सगळं बोटाने दाखवलं. मग तिचा धरला, शेजारी.

तिने दोन्हीकडे बघितलं. "मेल्यांनी कापून टाकलं?"

"हो."

"आणि तुम्ही इथे काय करताय बसून?"

माझं सगळं भांडण जे करू शकलं नाही ते त्या एका प्रश्नाने केलं. वहिनींनी चपला घातल्या.

बाजारपेठेतल्या दुकानात दर्शनी भागातच माल टांगलेला होता. वहिनींनी पहिला झगा हँगरवरून काढला, दोरा ओढला, दोन फाळ्या केल्या, काउंटरवर ठेवला. मग दुसरा. विक्रीला उभी असलेली मुलगी धावत आली. "मॅडम, काय करताय? भरून द्यावं लागेल!"

"पट्टीवरचं नाव वाच."

तिने वाचलं.

"मीच ती. माझ्या नावाचा कपडा मी उसवतेय. तुला काय करायचंय?"

बँकेतली बाई दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "घेऊ नका, घेऊ नका, माझ्याकडे बघा आणि घेऊ नका!" लोक जमले. फोन निघाले. एक पोटुशी बाई हातातलं खोकं तिथेच टाकून गेली. मग रखवालदार आला. त्याने वहिनींना दंडाला धरून बाहेर काढलं, आणि पायरीवर, जरा बाजूला घेऊन, विचारलं, "ताई, माझ्या बायकोला घेतलाय हो एक. काय करू?"

"दोऱ्याला हात लावू नको म्हणावं. माझ्याकडे पाठव."

दोन दिवसांनी साहेब खोलीवर आले. खाली हवा भरायचं यंत्र फुसफुसत होतं. त्यांना बसायला स्टूल दिलं. टाचण्या बघून ते अवघडून टेकले.

"तक्रारी वाढल्यात," ते म्हणाले. "माल परत घ्यायची आमची तयारी आहे. सगळ्या दुकानांतून. विकलेलासुद्धा."

माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण कारण द्यावं लागतं. मूळ रचनेत दोष होता, असं तुम्ही जाहीर करायचं."

"दोष रचनेत नव्हता," वहिनी म्हणाल्या.

"कारखान्यात होता असं आम्ही म्हटलं तर वरचे लोक माल हलवू देणार नाहीत. वकील बसतील, तारखा पडतील. तोवर झगे विकले जातील. बघा बुवा. मी आपला मार्ग काढायला आलोय."

"मार्ग!" मी ओरडले. "तुम्हीच खड्डा खणायचा, आणि उडी ह्यांनी मारायची? चालते व्हा!"

"घाबरट, तिला घे, ती टाचणीच्या डबीपाशी गेलीय." मी ठमीला उचललं. वहिनी साहेबांना म्हणाल्या, "आज म्हटलं तर माल कधी उचलाल?"

"उद्या सकाळी गाड्या निघतील."

"वहिनी, नाही!"

"आज संध्याकाळी निघू देत. मी म्हणते तसं."

साहेबसुद्धा चपापले. खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, लोक नावं ठेवतील तुम्हाला."

"ठेवू देत की. नाव तरी कुठे आहे माझ्याकडे?"

संध्याकाळी गाड्या निघाल्या, एवढं खरं. दुकानांतले सगळे झगे उचलले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे वहिनींचा फोटो होता आणि खाली, 'डिझायनरची कबुली: रचना सदोष'. त्याखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचलं. वाचू नये ते सगळं वाचलं. हिला आत टाका. आईपण काय कळणार हिला. ज्या मैत्रिणी त्यांचे फोटो वहीत चिकटवायच्या, त्यांतल्या एकीने मला निरोप धाडला, 'तू अजून तिच्याकडेच काम करतेस का गं? सांभाळून हं.'

मी वहिनींवर महिनाभर चिडलेली होते. कंपनीवर तर आहेच. कंपनीवर चिडणं सोपं असतं, ती समोर बसून बटणं लावत नाही. वहिनी बसायच्या. "राग येत नाही तुम्हाला?" मी विचारायची. "येतो ना. तुझ्यासारखा तोंडावर आणत नाही, एवढंच. दोरा ओव, मला दिसत नाहीये." तेव्हा मला दिसायचं, दिसत होतं त्यांना चांगलं.  सुईचं भोक सापडत नव्हतं ते हाताला.

काल दुपारी एक जण आली. दिवस भरत आलेली. फार आधी कापड देऊन गेली होती. तिने आत पाऊलही टाकलं नाही. दारातूनच म्हणाली, "माझं कापड परत द्या. शिवायचं नाहीये."

"कापलंय थोडं," वहिनी म्हणाल्या. "बघता का, कसं..."

"नको. ऐकलंय मी तुमचं नाव."

वहिनींनी कापलेले तुकडे गोळा केले, घडी घातली, वर हाताने सुरकुती सारखी केली, आणि दिली. ती जिना उतरून गेली. वहिनी पुन्हा टेबलाशी आल्या आणि तिथे काही नव्हतं. रिकाम्या टेबलावर त्यांनी पट्टी ठेवली आणि मोजायला काही नसताना वाकून उभ्या राहिल्या.

मी ठमीला काखोटीला मारलं आणि जिन्यावरून धावले. मी, जी जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरते. खाली सायकलीवाल्याने "अहो, पडाल!" म्हणून आरोळी दिली. ती रस्त्याच्या वळणापर्यंत पोचली होती.

"थांबा! ओ बाई! थांबा तुम्ही!"

ती दचकून थांबली. मी तिच्यासमोर उभी राहिले, धापा टाकत. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. माझ्या अंगात वहिनींनी शिवलेला झगा होता. माझ्या पोटाबरोबर वाढलेला, बाळंतपणानंतर परत आत घेतलेला. मी त्याचा काठ धरला आणि भर रस्त्यात, गुडघ्यांच्या वर, उलटा केला. आतली बाजू तिच्यासमोर धरली.

"हे बघा. हे कंपनीने कापलं. वहिनींनी नाही. ह्यांनी तुमच्या कापडातसुद्धा सोडलंय, तुमच्या हातातल्या घडीत आहे, उघडून बघा!"

येणारे-जाणारे बघत होते. एकाने हॉर्न वाजवला. तिने आधी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. वेडी म्हणून पळून जावं की काय, असं तिच्या डोळ्यांत अगदी स्पष्ट होतं. मग ती, पोटामुळे जरा अवघडत, वाकली आणि शिवणीच्या पलीकडचं कापड दोन बोटांत धरलं.

"एवढं?" ती म्हणाली. "किती आहे हे?"

"मोजा ना!" मी म्हटलं. माझा आवाज खाली यायला तयार नव्हता. "आहेत ना बोटं? मोजा!"